अक्षरओळखीच्या आधीची नजर

आपल्याकडे मुलाचे डोळे पहिल्यांदा नीट तपासले जातात ते बहुधा त्याला अक्षरे वाचता येऊ लागल्यावर. भिंतीवर तक्ता टांगायचा, सहा मीटरवर मुलाला उभे करायचे, एकेक डोळा झाकून वरच्या मोठ्या अक्षरापासून खालच्या बारीक ओळीपर्यंत वाचून घ्यायचे, ही पद्धत मी अठरा वर्षे खानदेशातल्या शाळांमधून वापरत आलो आहे आणि तिचे मोल मी जाणतो. पण त्या तक्त्यासमोर उभे राहायला मुलाला सहा-सात वर्षांचे व्हावे लागते. दोन डोळ्यांनी मिळून खोली आणि अंतर ओळखण्याची जी शक्ती आहे, तिची घडण तोपर्यंत बरीचशी उरकलेली असते. आणि ती घडताना काही बिघडले असेल, तर ते दुरुस्त करण्याचे सगळ्यांत सोयीचे दिवस आपण हातचे घालवलेले असतात. म्हणून माझे म्हणणे असे की, मूल अंगणवाडीत असतानाच, आणि जमेल तिथे ते आईच्या मांडीवर असतानाच, त्याचे दोन्ही डोळे मिळून काम करतात की नाही हे पाहणे हा सरकारी आरोग्य तपासणीचा न टाळता येणारा भाग झाला पाहिजे.

काही वर्षांपूर्वी यावल तालुक्यातल्या एका शाळेत चौथीतली एक मुलगी तपासणीला आली. डावा डोळा झाकला तेव्हा तिने शेवटची ओळ घडाघडा वाचली. उजवा झाकला आणि ती गप्प झाली. जरा वेळाने तिने विचारले, ‘‘सर, दोन्ही डोळे झाकले का?’’ तिचा डावा डोळा दिसायला अगदी निरोगी होता. ना तिरळा, ना लाल, ना पाणावलेला. त्या डोळ्याचा नंबर लहानपणापासून फार मोठा होता, मेंदूला त्याच्याकडून कायम धूसर चित्र मिळत होते, आणि मेंदूने शेवटी त्याच्याकडे लक्ष देणेच सोडले होते. यालाच आपण आळशी डोळा म्हणतो. वास्तविक त्यात डोळ्याचा आळस कुठेच नसतो. घरी कधी काही जाणवले का, असे मी तिच्या आईला विचारले. आई म्हणाली, तांब्यातून पेल्यात पाणी ओतताना हिची धार नेहमी पेल्याच्या पलीकडे पडते, सुईत दोरा ओवताना दोरा सुईच्या मागून निघून जातो, आणि आम्ही तिला वेंधळी म्हणून रागावत आलो. एवढे सांगून त्या माउलीने पदर डोळ्यांना लावला. तिच्या हातून काही चूक झाली होती असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. त्या मुलीच्या जन्मापासून चौथीपर्यंत लसीकरण, वजन, उंची, दंडघेर, सगळे वेळच्या वेळी झालेले होते. फक्त तिचे दोन डोळे एकमेकांशी जुळले आहेत का, हे कोणी कधी पाहिले नव्हते.

असे मूल वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात का येत नाही, याचे कारण खोलीच्या जाणिवेच्या रचनेतच आहे. अंतर ओळखण्याचे अनेक मार्ग एका डोळ्यालाही उपलब्ध असतात. जवळची वस्तू मोठी दिसते, पुढची वस्तू मागचीला झाकते, सावली पडते, आपण चाललो की जवळची झाडे भराभर मागे सरकतात आणि दूरचा सातपुडा जागचा हलत नाही. या खुणांच्या आधारावर एका डोळ्याने पाहणारे मूल रांगते, धावते, लपाछपी खेळते, गर्दीतून वाट काढते. दोन डोळ्यांचे काम त्याहून बारीक असते. दोन्ही डोळे एकमेकांपासून काही सेंटिमीटर अंतरावर असल्यामुळे प्रत्येकाला तीच वस्तू किंचित वेगळ्या बाजूने दिसते आणि त्या दोन चित्रांमधल्या फरकातून मेंदू खोली काढतो. चार्ल्स व्हीटस्टोन यांनी हे १८३८ मध्ये आरशांचे एक साधे उपकरण करून दाखवले. ही बारीक जाण हाताच्या अंतरावर सर्वाधिक कामी येते: सुई ओवताना, पाणी ओतताना, पुढे यंत्रावर किंवा शिलाईवर काम करताना. ती नसलेले मूल आंधळे नसते, म्हणून आई-वडिलांना संशय येत नाही; आणि त्याला दुसरे जग ठाऊकच नसल्यामुळे ते स्वतः तक्रार करत नाही.

तान्ह्या मुलाला खोली कळते का, हे शोधण्याचा सगळ्यांत गाजलेला प्रयोग एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी कॉर्नेल विद्यापीठात केला आणि १९६० मध्ये प्रसिद्ध केला. एक मोठी जाड काच, तिच्या मध्यावर एक फळी. फळीच्या एका बाजूला काचेला लागूनच चौकटींचे कापड, आणि दुसऱ्या बाजूला तेच कापड खाली जमिनीवर, म्हणजे डोळ्यांना तिथे कडा तुटल्यासारखी दिसावी. सहा ते चौदा महिन्यांची ३६ मुले फळीवर ठेवली आणि आईने आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने हाक मारली. फळी सोडून निघालेल्या २७ मुलांपैकी सगळी उथळ बाजूने आईकडे गेली. खोल बाजूच्या काचेवर जाण्याचे धाडस फक्त तिघांनी केले. बाकीची कडेपाशी थांबली, काचेवर हात थोपटून पाहत होती, रडत होती, पण पुढे गेली नाहीत.

या प्रयोगातून अनेक जण असा अर्थ काढतात की मुलाला उंचीची भीती उपजतच असते. मला हा अर्थ घातक वाटतो, आणि आपल्या भागात तर विशेषच. उन्हाळ्यात धाब्यावर अंथरुणे टाकण्याची आपली रीत, कठडा नसलेले धाबे, बिनकाठाच्या शेतविहिरी, उंच ओटे हे सगळे डोळ्यांसमोर आणावे. गिब्सन आणि वॉक यांच्या प्रयोगातच कित्येक मुले वळताना, मागे सरकताना अंगाचा तोल न राहून खोल बाजूच्या काचेवर टेकली. काच नसती तर ती पडली असती. मुलाला खोली ओळखता आली तरी त्याला कड्याशी एकटे सोडू नये, असे त्या संशोधकांनीच बजावले होते. पुढच्या काळात जोसेफ कॅम्पोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अजून रांगू न लागलेल्या दोन महिन्यांच्या बाळांना खोल बाजूवर उपडे ठेवून त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. भीती असती तर ठोके वाढले असते. प्रत्यक्षात ते मंदावले, म्हणजे बाळ घाबरत नव्हते, कुतूहलाने पाहत होते. भीती येते ती रांगण्याच्या अनुभवाने. कॅरेन अ‍ॅडॉल्फ यांनी तर दाखवले की, बसायला चांगले सरावलेले मूल बसल्या जागेवरून समोरची फट अचूक ओळखते, पण तेच मूल नुकतेच रांगू लागले असेल तर तशाच फटीत सरळ पुढे जाते. खोली दिसणे वेगळे आणि त्या खोलीचे काय करायचे हे कळणे वेगळे, हा भेद तपासणारानेही मनात पक्का ठेवला पाहिजे, नाहीतर कड्याशी थांबणाऱ्या मुलाचे दोन्ही डोळे ठीक आहेत असे तो गृहीत धरील. एकाच डोळ्याने पाहणारे मूलही वर सांगितलेल्या खुणांवरून कड्याशी थांबू शकते.

दोन डोळ्यांची एकत्र दृष्टी वेगळी काढून तपासायची, तर एका डोळ्याच्या सगळ्या खुणा काढून टाकाव्या लागतात. बेला युलेश यांनी १९६० च्या सुमारास नुसत्या विखुरलेल्या ठिपक्यांची चित्रे तयार केली. एका डोळ्याने पाहिले तर त्यात ठिपक्यांच्या पसाऱ्याशिवाय काही नाही. दोन्ही डोळ्यांना योग्य ते वेगवेगळे चित्र मिळाले की त्यातून एक चौकोन वर उठून येतो. १९८० मध्ये फॉक्स आणि सहकाऱ्यांनी काही महिन्यांच्या बाळांना लाल-हिरवा चष्मा घालून असाच एक सरकता चौकोन दाखवला आणि बाळांची नजर त्याच्यामागे जाते का हे पाहिले. साडेतीन महिन्यांच्या पुढची बाळे नजरेने त्याचा माग काढत होती. त्याहून लहान बाळांना ते साधत नव्हते. म्हणजे ही शक्ती जन्मतः हातात नसते, ती साधारण तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात उगवते, आणि पुढे काही वर्षे धारदार होत जाते.

या सगळ्या प्रयोगांमधून मला जे सर्वांत मोलाचे वाटते, ते उपकरणांच्या चातुर्यापेक्षाही त्यांच्यामागचा दृष्टिकोन. मूल बोलत नाही म्हणून त्याला विचारता येत नाही, असे त्या संशोधकांनी मानले नाही. बाळाला जे येते, म्हणजे रांगणे, पाहणे, हात पुढे करणे, रडणे, त्याच भाषेत त्यांनी प्रश्न मांडला. आपण मात्र गावोगावच्या शिबिरांतून काय करतो? आईला विचारतो, ‘‘बाळाला दिसतं ना?’’ आई म्हणते, ‘‘हो, दिसतं की.’’ आणि रकाना भरला जातो. आई खोटे बोलत नाही, बाळाला दिसतेच. प्रश्नच चुकीचा असतो.

उशीर झाल्याने नेमके काय बिघडते, हे डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन विझेल यांच्या मांजरीच्या पिलांवरील कामातून कळले. पिलाचा एक डोळा पहिल्या काही आठवड्यांत मिटून ठेवला, तर मेंदूच्या दृष्टिभागातील पेशी त्या डोळ्याला उत्तर देणे सोडतात. मोठ्या मांजरीचा डोळा तितकाच काळ मिटला तर तसे होत नाही. १९६५ मध्ये त्यांनी पिलांमध्ये मुद्दाम तिरळेपणा आणून पाहिला. डोळे दोन्ही उघडे, दोन्ही निरोगी. तरी दोन्ही डोळ्यांना मिळून उत्तर देणाऱ्या पेशी त्या पिलांच्या मेंदूत फारच थोड्या उरल्या. या संशोधनासाठी त्यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. खानदेशातल्या घरांतून मी जे वाक्य शेकडो वेळा ऐकले आहे, ‘‘मोठा व्हयना म्हंजे बरा व्हई जाई,’’ त्याला या संशोधनाने स्पष्ट उत्तर दिले आहे. पहिल्या तीन-चार महिन्यांत बाळाचे डोळे अधूनमधून इकडेतिकडे जाणे स्वाभाविक आहे आणि त्याची काळजी करू नये. त्यानंतरही डोळा फिरत असेल तर मोठे होण्याची वाट पाहणे म्हणजे तो डोळा गमावण्याची वाट पाहणे. तिरळे मूल भाग्याचे असते असे सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांविषयी मला आदर आहे, आणि त्या आदरापोटीच मी त्यांना दरवेळी हे समजावून सांगतो.

तपासणीसाठी लागते काय? मांडीवरच्या बाळासाठी बहुतेक वेळा काहीच नाही. आई बाळाला मांडीवर घेऊन बसते, समोर कोणीतरी खुळखुळा किंवा किल्ल्यांचा जुडगा हलवते, आणि तपासणारा आपल्या अंगठ्याने एकदा बाळाचा एक डोळा आणि एकदा दुसरा डोळा झाकतो. दोन्ही डोळे सारखे असतील तर बाळ दोन्ही वेळा सारखेच वागते. शहाद्याजवळच्या एका अंगणवाडीत अडीच वर्षांच्या एका मुलाचा उजवा डोळा नाकाकडे वळत होता. मी तो वळलेला डोळा झाकला. मूल किल्ल्यांकडे पाहून हसत राहिले. चांगला डावा डोळा झाकला तशी त्याने मान फिरवली, माझे मनगट धरून खाली ओढले आणि ओरडून रडू लागले. सोडले की शांत. पुन्हा झाकला की पुन्हा रडणे. सेविकाताई बाजूला उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘सर, याने तर स्वतःच सांगितलं.’’ याला जोड म्हणून टॉर्चच्या प्रकाशाचा ठिपका दोन्ही बुबुळांवर एकाच जागी पडतो का, आणि अंधाऱ्या खोलीत ऑप्थॅल्मोस्कोपमधून, म्हणजे डोळ्याच्या आत पाहण्याच्या उपकरणातून, दोन्ही बाहुल्या सारख्याच लालसर उजळतात का, हे पाहायचे. एक बाहुली पांढरी दिसली तर एक दिवसही न थांबता मोठ्या रुग्णालयात पाठवायचे, कारण तिथे मोतीबिंदू किंवा डोळ्याचा कर्करोगही असू शकतो.

तीन वर्षांपुढच्या मुलासाठी स्वित्झर्लंडचे नेत्रतज्ज्ञ जोसेफ लँग यांचे कार्ड आहे. त्याला चष्मा लागत नाही; वरच्या बारीक पन्हाळीदार आवरणामुळे प्रत्येक डोळ्याला वेगळे चित्र मिळते आणि ठिपक्यांमधून हत्ती, चंद्र, मोटार अशी चित्रे वर येतात. मुलाने नाव सांगण्याची गरज नाही. बोट ठेवले तरी पुरे. त्याच लँग यांची दोन पेन्सिलींची चाचणी तर अंगणवाडीतल्या खडूंवरही करता येते: आपण एक पेन्सिल टोक वर करून उभी धरायची, मुलाने आपली पेन्सिल वरून आणून टोकाला टोक टेकवायचे, आधी दोन्ही डोळे उघडे ठेवून आणि मग एक झाकून. दोन्ही डोळ्यांनी जे पटकन जमते ते एका डोळ्याने चुकू लागले, तर दोन्ही डोळे मिळून काम करत आहेत. दोन्ही वेळा सारखेच चुकत असेल, तर पुढे पाहायला हवे.

या मागणीवर जे आक्षेप घेतले जातात, त्यांतला पहिला असा की अशा चाचण्यांत खोट्या हाका फार येतात. हे अंशतः खरे आहे. रुंद नाकपुलाचे बाळ तिरळे वाटते आणि नसते; झोपेला आलेले मूल कार्डाकडे पाहतच नाही. उलट बाजूनेही चूक होते: दोन डोळ्यांच्या नंबरात फरक असलेले एखादे मूल मोठे चित्र ओळखून जाते. म्हणून मी एकट्या कार्डाचा आग्रह धरत नाही. डोळा झाकणे, टॉर्च, बाहुलीची चमक आणि कार्ड या चारांपैकी एकातही शंका आली तर महिनाभरात पुन्हा पाहायचे, आणि शंका टिकली तर नेत्रतज्ज्ञाकडे पाठवायचे, एवढी शिस्त पुरेशी आहे. आळशी डोळा साधारणपणे शंभर मुलांत एक ते तीन मुलांना असतो. तीस मुलांच्या अंगणवाडीत एखादे तरी मूल असू शकते, या हिशेबाने थोड्या खोट्या हाका परवडतात. अमेरिकेत तीन ते पाच वर्षांच्या प्रत्येक मुलाची दृष्टी किमान एकदा तपासावी अशी शिफारस तिथल्या तज्ज्ञ कार्यदलाने केलेली आहे. आपल्या मुलांनी वाचता येईपर्यंत का थांबावे?

दुसरा आक्षेप सेविकांवरच्या बोज्याचा आहे, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. पोषण आहार, नोंदी, मोबाइलवरची माहिती, सर्वेक्षणे यांनी अंगणवाडी सेविका आधीच वाकल्या आहेत. त्यांच्या माथी आणखी एक काम मारू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरहून सुरू झाला. त्याच्या फिरत्या पथकात दोन वैद्यकीय अधिकारी, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका असते, आणि अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा तपासण्याची जबाबदारी त्या पथकाची आहे. म्हणजे गाडी आहे, माणसे आहेत, रकाना आहे. प्रत्येक पथकाला एक कार्ड, एक टॉर्च, एक ऑप्थॅल्मोस्कोप आणि जिल्हा रुग्णालयात दोन दिवसांचे प्रत्यक्ष मुलांवरचे प्रशिक्षण, एवढीच भर घालायची आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे: शोधून पुढे काय? उपचार मिळणार नसेल तर शोध घेऊन आई-बापांच्या जिवाला घोर लावू नये, असे एका अनुभवी डॉक्टरांनी मला सांगितले होते आणि त्यांचे म्हणणे मी हलक्यावर घेतलेले नाही. धडगावच्या डोंगरातून नंदुरबारला यायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, आणि पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड आली तर ठरलेली तारीखही हुकते. पण या आजाराचा उपचार बहुतांशी घरातच होतो, ही गोष्ट या आक्षेपात विसरली जाते. नंबर काढणे, चष्मा देणे आणि पडदा तपासणे यासाठी तज्ज्ञ लागतो. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्यानंतर चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायची ती आईने. मध्यम स्वरूपाच्या आळशी डोळ्याला रोज दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच गुणकारी ठरते, हे अमेरिकेतील बालनेत्रतज्ज्ञांच्या गटाने सात वर्षांखालील मुलांवर केलेल्या चाचणीत २००३ मध्ये दिसून आले. दोन तास म्हणजे भाकरी होऊन जेवणे उरकेपर्यंतचा वेळ. सात ते बारा वर्षांच्या मुलांतही काहींना चष्मा आणि पट्टीने गुण येतो. यावलच्या त्या मुलीलाही थोडा आला. पण नजर काही ओळींनी सुधारली तरी तिची पाण्याची धार अजून पेल्याच्या पलीकडेच पडते.

पथकाच्या वेळापत्रकाविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती फक्त आपल्या भागात राहणाऱ्यालाच सुचेल. अक्कलकुवा, अक्राणी, तळोदा या तालुक्यांतली असंख्य कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत उतरतात आणि लेकरे बरोबर नेतात. हिवाळ्यात पथक गावी जाते तेव्हा हजेरीपटावर नावे असतात आणि अंगणवाडीत मुले नसतात. जी कुटुंबे वर्षातून एकदा हमखास गावी परततात, ती होळीला. होळीच्या त्या दिवसांत भिल्ल आणि पावरा पाड्यांपासून कोणी लांब राहत नाही. पथकाची एक फेरी होळीच्या पुढच्या-मागच्या पंधरवड्यात ठेवली, तर जी मुले आज दोन्ही फेऱ्यांना चुकतात ती सापडतील. भाषेची अडचणही या चाचण्यांत नाममात्र राहते. अहिराणी, भिलोरी, पावरी यांपैकी काहीही बोलणारे मूल बोट ठेवू शकते आणि चांगला डोळा झाकला की रडू शकते.

शहाद्याजवळच्या त्या मुलाचा नंबर जिल्ह्याच्या ठिकाणी काढला गेला, त्याला चष्मा मिळाला, आणि त्याची आई रोज संध्याकाळी त्याच्या डाव्या डोळ्यावर पट्टी लावून त्याला ओट्यावर खडूने रेघोट्या मारायला बसवू लागली. चष्मा लावल्यावर उजवा डोळा बराचसा सरळ राहतो. तो चार वर्षांचा झाल्यावर मी त्याच्यासमोर लँग यांचे कार्ड धरले. त्यावरची चांदणी एका डोळ्यालाही दिसते, म्हणून सगळी मुले आधी तिच्यावरच बोट ठेवतात; त्यानेही ठेवले. मग त्याचे बोट कार्डावरून हळूहळू सरकत गेले आणि हत्तीपाशी थांबले. हत्ती म्हणजे त्या कार्डावरची सगळ्यांत ढोबळ खोली. चंद्राला त्याहून बारीक नजर लागते. मी कार्ड बराच वेळ धरून ठेवले, पण चंद्र असलेल्या कोपऱ्याकडे त्याचे बोट गेले नाही. त्याची पुढची तारीख मी होळीनंतरच्या आठवड्यातली दिली आहे.